सासूला विसरू न देणारी पिलसून

पिलसूनचा घाणा आज बंद आहे. बाजाराचा दिवस असून बंद आहे. गिऱ्हाइकं बियांच्या पिशव्या घेऊन येतात, कुलूप बघतात आणि माझ्या दुकानात डोकावून विचारतात, "तेलवाली कुठे गेली?" जणू मी तिची सेक्रेटरी. माझं सुक्या मासळीचं दुकान तिच्या घाण्याला भिंत लागून आहे एवढाच काय तो माझा गुन्हा. पण काल जे झालं ते अर्ध्या गावानं पाहिलं, आणि उरलेल्या अर्ध्यानं त्याचं आतापर्यंत वाट्टेल ते करून टाकलं असेल. तेव्हा एकदाच नीट सांगते.

आमच्या सोगानच्या बाजारात तेल काढून घ्यायला आलेली बाई घाण्यासमोरून हलत नाही. बी धुतलं जातं, वाळतं, भाजलं जातं, घाण्यात पडतं, तेल होऊन बाटलीत उतरतं, तोवर ती बाकावर बसून डोळे लावून असते. पोटात कळ आली तर शेजारणीला "जरा बघ हं" असं बजावून जाते. न जाणो, आपलं बी बदललं तर? बाहेरदेशचं स्वस्त बी मिसळलं तर? पिलसून असलं काही करत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी बसतात. तिला त्याचा राग येत नाही. "बसा बसा," ती म्हणते, "जे डोळ्यांआड केलं ते गेलंच म्हणून समजा."

गावाला वाटतं पिलसून म्हणजे सुनांमधली देवी. रोज सकाळी सासूला आपल्या हातानं चमचाभर ताजं तेल पाजते, तिच्याशी पत्ते खेळते, हाताला धरून नदीपर्यंत फिरवून आणते. अशी सून शोधून सापडायची नाही, असं लोक म्हणतात. खरंच आहे. सापडायची नाहीच. मनातला राग इतक्या नेमानं, एक थेंब न सांडता पाजणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

ती लग्न होऊन इथं आली तेव्हा आमच्या डोंगरातल्या कोळशाच्या खाणी जोरात चालत होत्या. नवरा खाणीत. सासू योंगवल गावची, म्हणून सगळे तिला योंगवलकरीण म्हणतात. तिचं खरं नाव आता तिलाही दुसऱ्या कोणाला विचारूनच सांगावं लागेल. योंगवलकरणीला एकुलता एक मुलगा, आणि त्याच्या पोटी तिला नातू हवा होता. पिलसूनला पहिली मुलगी झाली. दुसरी मुलगी झाली. तिसऱ्या खेपेला सासूनं दाराला बांधायची गवताची दोरी आधीच वळून ठेवली आणि दोरीत खोवायला चांगल्या लांबलचक लाल मिरच्या निवडून ठेवल्या. मुलगा झाला तर दोरीत मिरच्या, मुलगी झाली तर कोळसा. तिसरीही मुलगीच झाली. मिरच्या पुन्हा डब्यात गेल्या आणि दाराला कोळसा लागला. कोळशाला आमच्याकडे काय तोटा!

बाळंतपणानंतर पिलसून तापानं फणफणली. दूध आटलं, शुद्ध जाई-येई. नवरा खाणीत पाळीवर होता. एका सकाळी तिला नीट जाग आली तेव्हा शेजारी बाळ नव्हतं आणि दारावरची दोरीही उतरवलेली होती. सासू म्हणाली, पहाटे श्वास थांबला, गडीमाणसांनी डोंगरउतारावर पुरूनही टाकलं. आणि तिनं पिलसूनपुढे समुद्री शेवाळाच्या सुपाचं वाडगं ठेवलं. बाळंतिणीला आम्ही देतोच ते सूप, पण त्या वाडग्यात मांसाचे चांगले मोठे तुकडे होते.

"मला तिथंच कळायला हवं होतं," पिलसून अजून म्हणते. "पहिल्या दोघींच्या वेळी बाईनं नुसतं शेवाळ उकळून पुढे केलं होतं. तिसऱ्या मुलीवर मांस? आणि मी सगळं खाल्लं गं. वाडगं पुसून खाल्लं."

पुढे नवरा गेला. खाणीची धूळ छातीत बसली होती. नातू काही झालाच नाही. पिलसूननं खाणीकडून मिळालेल्या पैशांतून घाणा घेतला आणि देल्क्याचं तेल काढायला लागली. देल्के म्हणजे तिळाची खेडवळ चुलतबहीण. आमच्या डोंगरात तेच पिकतं. पानांत गुंडाळून मांस खावं, बियांचं तेल काढावं, कुट्टूची धिरडी त्या तेलावर टाकावीत, असं आमचं साधं काम. पिलसूनचा धंदा बरा चालला, दोन्ही मुली शिकल्या, शहरात लग्नं करून गेल्या. गोष्ट इथं संपली असती.

पण एका बाजाराच्या दिवशी बस-स्टँडवर पूर्वी तिकिटं देणारी बाई देल्के घेऊन आली आणि आपलं बी राखत बाकावर बसली. बसल्या बसल्या बायका बोलतात तशी बोलायला लागली.

"तुझी ती धाकटी कुठे असते गं हल्ली?"

"मिरान होय? सोलला असते."

"दोन नंबरची नव्हे, शेंडेफळ. जिला तुझी सासू स्टँडवर बाटलीनं दूध पाजत होती बघ. काय रडत होती! गरम पाणी मीच दिलं होतं. मग चढल्या दोघी कुठल्याशा बसमध्ये, कुठल्या ते आता काही आठवत नाही."

पिलसूनच्या हातातली चाळणी पडली. सगळं बी फरशीवर. मी आवाज ऐकून गेले तर ती बाई ओरडत होती, "अगं, माझं बी!" आणि पिलसून त्या बियांवरून चालत घरात चालली होती.

योंगवलकरणीनं काही नाकारलं नाही. भाजी निवडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "दिली. चांगल्या घरी दिली. जिवंत नेली आणि जिवंत हातात ठेवली. ही मुलगी घरात राहिली तर मुलगा होणार नाही असं मला भगतिणीनं सांगितलं होतं. पुढचं विचारायचं नाही."

"कुठे दिली?"

"ते माझ्याबरोबर जाईल."

मी असते तर त्या भाजीच्या टोपलीसकट तिला रस्त्यावर फेकलं असतं. पिलसूननं फेकलं नाही. का, ते तिनंच मला सांगितलं. "तिच्या पोटात आहे ना माझी पोर. तिला हाकलली तर पोरही गेली." ती पोलीस-चौकीत डीएनएसाठी थुंकी तपासायला देऊन आली; दत्तक गेलेल्या मुली हल्ली अशा सापडतात म्हणे. तिची कोणाशी जुळली नाही. आता जगात एकच जागा उरली होती जिथं त्या मुलीचा पत्ता होता, आणि ती जागा म्हणजे एका हट्टी म्हातारीचं डोकं.

तेव्हा पिलसून सासूच्या तोंडावर म्हणाली, आणि हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, "सासूबाई, ज्या दिवशी तुम्ही सांगाल, त्याच संध्याकाळी मी तुम्हाला वृद्धाश्रमात टाकीन. भेटायला येणार नाही. मेलात तर श्राद्धाला भाताचं शीतसुद्धा मांडणार नाही. पण तोवर मरायचं नाही." सगळं अहो-जाहो करून. पिलसून सासूला कधी एकेरी बोलली नाही.

अशी वर्षं गेली. दोघी एका छपराखाली, एका पातेल्यातलं खाऊन. आणि मग योंगवलकरीण विसरायला लागली.

आधी तिनं रबरी जोडे भाताच्या कुकरमध्ये ठेवले. आम्ही हसलो. मग एक दिवस मुलाची पाळी सुटायची वेळ झाली म्हणून डबा घेऊन खाणीच्या वाटेला लागली. खाण बंद होऊन तिथं गवत वाढलंय आणि मुलगा कधीच मातीत गेलाय. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं तपासून अल्झायमर सांगितला. तिथून परतल्यावर पिलसून थेट माझ्या दुकानात आली आणि मासळीच्या पेटीवर बसली. मला वाटलं रडेल. डोळे कोरडे ठणठणीत.

"पळतेय ती," म्हणाली.

"कोण? तिला धड चालवत नाही."

"डोक्यातून पळतेय. माझ्या देखत माझी पोर घेऊन पळतेय. एकदा पोर घेऊन गेली तेव्हा मी तापात होते. आता जागी आहे. आता नाही जाऊ देणार."

त्यानंतर तिनं जे सुरू केलं त्याला गाव सेवा म्हणतं. टीव्हीवर कोणीतरी सांगितलं होतं की देल्क्याच्या तेलात जवसात असतं तेच सत्त्व असतं आणि ते मेंदूला चांगलं. पिलसून डॉक्टरकडे गेली. मी बरोबर होते. डॉक्टर तरुण, पण भला माणूस. म्हणाला, "मावशी, प्रयोगशाळेत आशा वाटावी असं काही दिसलंय, माणसांवर अजून पक्कं सांगण्यासारखं नाही. गेलेलं परत आणणारं तेल नसतं. ताजं असेल तर द्या, नुकसान नाही. पण माझ्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि त्यांना चालवा, बोलतं ठेवा."

"किती टिकेल डोकं?"

"ते कोणालाच सांगता येत नाही."

"मग मी सगळंच करते," पिलसून म्हणाली. आणि केलं.

आमच्याकडे देल्के खमंग भाजतात. तेल काळपट उतरतं, वास गल्लीभर जातो, गिऱ्हाइकाला तेच आवडतं. सासूसाठी मात्र तिनं बी भाजणं सोडलं. नुसतं वाळवून कच्चंच पिळायचं, पिवळसर, पाण्यासारखं तेल. ते लवकर खवट होतं, म्हणून थोडं थोडं काढायचं, सोजू दारूच्या रिकाम्या हिरव्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये, आणि जरा जुनं वाटलं की ते दाराच्या बिजागरीला.

"हे कसलं तेल गं?" मी एकदा चिडवलं. "नाकाला काही पत्ताच लागत नाही."

"तुझ्या नाकासाठी नाहीये. तिच्या डोक्यासाठी आहे."

सकाळी सुपासाठी सुकी मासळी द्यायला मी जायची, तेव्हा रोज तोच तमाशा बघायची. योंगवलकरीण भिंतीला टेकून, गळ्याला टॉवेल. पिलसून समोर उकिडवी.

"सासूबाई, तोंड उघडा."

म्हातारी तेल गिळायची.

"गाव कुठलं?"

"योंगवल."

"मुलगा?"

"एक. कामावर गेलाय."

"नाती किती?"

"दोन."

"तीन."

"दोन गं बाई, मला मोजता येतं."

"तीन, सासूबाई. तिसरी कुठे ठेवलीत?"

म्हातारी बोटानं ओठ पुसायची, बोट चाटायची आणि म्हणायची, "आज तेल बरं उतरलंय हं. अजून घोटभर दे." मला हसू यायचं आणि त्याच क्षणी तिचा गळा दाबावासाही वाटायचा. पिलसूनचा चेहरा मात्र हलायचा नाही. चमचा धुवायची, पत्त्यांची गड्डी काढायची. खेळताना म्हातारी पत्ते मांडीखाली लपवायची तेव्हा पिलसून खूश व्हायची. "लबाडी जमतेय अजून. म्हणजे डोकं शाबूत आहे."

पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाला, वाटलं होतं तितकी घसरण नाही. गोळ्यांनी असेल, चालण्यानं असेल, तेलानं असेल. घरी परतल्यावर पिलसून दारात सासूचा सदरा नीट करत म्हणाली, "बघितलंत? तुम्हाला सुटायला मिळणार नाही."

मग यंदा वृद्ध मंडळाचे अध्यक्ष मेंग टाय लावून घाण्यावर आले. आईवडिलांच्या दिवशी जिल्ह्यातर्फे आदर्श सुनेचा मान द्यायचा ठरलाय, आणि तो पिलसूनला, असं म्हणाले. मला खोकलाच आला. पिलसून नको नको म्हणाली. मेंग म्हणाले, "नाही म्हणू नका. हल्लीच्या पोरी सासूला ओळखत नाहीत, तुम्ही तिला जपताय. सगळा गाव येईल. सासूबाईंनाही आणा. तुम्ही दोन शब्द बोलायचे."

"माईकवर?" पिलसूननं विचारलं.

"अर्थात माईकवर."

"येते."

मेंग गेल्यावर मी तिचा हात धरला. "काय चाललंय तुझ्या मनात? देवीचा मान घेऊन तिथं काय करणार आहेस?"

"घरात ती माझ्यासमोर तोंड शिवून बसते. सगळ्या गावासमोर बसून दाखवू दे."

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला तो दिवस लवकर यावा असं वाटलं. माझ्याही मनात त्या म्हातारीची खोड मोडलेली बघायची फार हौस होती.

काल समाजमंदिर भरलं होतं. म्हाताऱ्यांच्या छातीवर लाल कागदी फुलं, तांदळाचे केक, ताकासारखी ती आमची पांढरी दारू. योंगवलकरणीला पिलसूननं गुलाबी झगा घालून, केस चोपून, पहिल्या रांगेत बसवलं होतं. सकाळचं तेल पाजूनच आणलं होतं. मेंगनी दहा मिनिटं स्तुती केली. टाळ्या झाल्या. पिलसूननं माईक हातात घेतला.

"टाळ्या वाजवल्यात, वाजवा," ती म्हणाली. "पण मी हिला तेल का पाजते हे तुमच्यापैकी कोणी विचारलं नाही. प्रेमानं पाजते असं वाटलं तुम्हाला. हिनं माझी बारा दिवसांची पोर मेली म्हणून सांगितलं आणि बसमध्ये बसून कोणाला तरी देऊन आली. कुठे दिली ते हिच्याशिवाय कोणाला माहीत नाही, आणि ही विसरत चालली आहे. म्हणून पाजते. हिला बरी ठेवायला नाही. हिचा हिशेब झाल्याशिवाय हिला सोडायचं नाही म्हणून."

मेंग माईक घ्यायला पुढे झाले. मी त्यांचा कोट मागून ओढला. पिलसून खाली उतरली, सासूसमोर गेली आणि माईक तिच्या तोंडाशी धरला.

"सासूबाई, सांगा. माझी पोर कुठे आहे? आठवतं का तुम्हाला?"

"आठवतं की," योंगवलकरीण म्हणाली.

माईकमुळे तो किडमिड्या घशाचा आवाज भिंतींवर आपटला.

"रोज तू तेल पाजतेस तेव्हा मी मनात घोकते. त्या बाईचं नाव, गाव, घर. घोकते आणि गिळते."

"मग सांगत का नाही?"

"सांगितलं की संध्याकाळी टाकशील मला. तूच म्हणालीस. श्राद्धाला शीत मांडणार नाही म्हणालीस." म्हातारीनं सगळ्या सभेकडे बघितलं. "माझा मुलगा गेला. माझ्याकडे तेवढीच एक चीज उरली आहे. ती दिली तर ही मला कशाला जेवू घालील?"

वर्षानुवर्षं मी त्या बाईला मूर्ख हट्टी समजत होते. हट्टी होती, मूर्ख नव्हती. सुनेच्या पोरीवर ती दोन वेळचं जेवत होती. माझ्या अंगाची आग आग झाली, आणि मागच्या रांगेतली एक म्हातारी मात्र तोंडाला रुमाल लावून रडायला लागली. तिच्या घरी काय चाललं असेल कोण जाणे.

पिलसूनचे ओठ पांढरे पडले होते. "काय हवंय तुम्हाला?"

"मरेपर्यंत जेवण. मेल्यावर ताट. ह्यांच्यासमोर बोल."

इतकी वर्षं जपून ठेवलेला तो वृद्धाश्रम, ते न मांडलेलं ताट, तो सगळा सूड पिलसूनला तिथं उभ्याउभ्या टाकून द्यावा लागणार होता. मी मनात म्हणत होते, बोलू नको, बोलू नको. तिनं डोळे मिटले.

"घालीन. वाढीन. सगळे साक्षी. आता सांगा."

योंगवलकरीण हसली. तोंड उघडलं. "तर त्या बाईचं नाव..." आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "त्या बाईचं..." तिनं आपल्या गुलाबी बाहीकडे पाहिलं, कागदी फुलाकडे पाहिलं. "आत्ता होतं. सकाळी होतं. थांब हं सूनबाई, सांगते. गाव... गावात एक..." ती लबाडी करत नव्हती. पत्ते लपवताना ती कशी दिसते ते मला पाठ आहे. तिच्या तोंडावर घाम फुटला होता आणि ती घाबरली होती, खरोखर घाबरली होती.

"आठवा!" पिलसूननं तिचे खांदे धरून हलवलं. "आठवा, मेले मी, आठवा!"

म्हातारी खुर्चीतून उठून उभी राहिली. ओठ हलत होते, शब्द नव्हते. आणि तिचे दोन्ही हात पाठीमागे गेले, कमरेखाली एकमेकांत अडकले, आणि ती जागच्या जागी हलायला लागली, या पायावरून त्या पायावर, या पायावरून त्या पायावर. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला ते काय आहे हे सांगावं लागत नाही. पाठीला बांधलेलं मूल झोपवताना आम्ही असंच हलतो.

पिलसूननं ते हात पाहिले. माईक मेंगच्या हातात कोंबला, म्हातारीला दंडाला धरलं आणि निघाली. मी मागे पळाले.

घाण्याचं दार उघडून तिनं म्हातारीला बाकावर बसवलं. आतून एक उशीचा अभ्रा आणला आणि पिंपातलं देल्क्याचं बी त्यात ओतायला लागली. हातावर तोलून पाहिलं. थोडं काढलं. पुन्हा तोललं. मग छातीशी धरून तशीच उभी राहिली.

"एवढीच होती," म्हणाली.

अभ्र्याला गाठ मारली. पोर पाठीशी बांधायचं जाड फडकं आणलं, दोन्ही मुली त्याच्यातच वाढल्या होत्या. मला तेव्हा कळलं.

"अगं, वेड लागलंय का तुला? अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे ती! मरेल!"

"मरायला देणार नाही. जेवू घालायचं वचन दिलंय ना." ती सासूसमोर वाकली. "उभ्या राहा, सासूबाई. तुम्हीच नेलीत, तुम्हीच पुन्हा न्या."

तिनं तो अभ्रा म्हातारीच्या पाठीवर ठेवला, फडकं गुंडाळलं, छातीवर आवळून गाठ मारली. दया नव्हती त्या हातांत. गाठ बसताच म्हातारी कण्हली, आणि मग जरा पुढे वाकून तिनं ओझं वर सरकवलं, एका झटक्यात, सवयीनं. हात मागे गेले. बियांच्या गाठोड्यावर तिनं हळू थोपटलं आणि जिभेनं चुक् चुक् केलं. आणि चालायला लागली.

घराकडे नाही. माझ्या दुकानावरून, मासळीच्या गल्लीतून, पूल ओलांडून. पिलसून दोन पावलं मागे, हात न लावता. समाजमंदिरापाशी लोक बाहेर आले होते. मेंग हातात मानपत्र घेऊन उभे होते, ते तसेच राहिले. योंगवलकरीण कोणाकडे बघत नव्हती. मधेच थांबायची, गाठोडं सरकवायची, "होय गं, होय गं" म्हणायची आणि पुढे.

स्टँडवर वोन्जूची बस लागली होती. म्हातारी तिच्यासमोरून गेली. थेबेकची लागली होती, तिच्याकडे बघितलंही नाही. शेवटच्या कोपऱ्यात जेचोनची उभी होती. तिथं ती थांबली. मान फिरवून खांद्यावरून गाठोड्याकडे पाहिलं, पायरीवरचा दांडा धरला आणि चढली. पिलसून तिच्यामागोमाग चढली, अंगात समारंभाचे कपडे, पायात घाण्यावरच्या चपला. एवढ्या वर्षांनी ते गाव, ते घर, ती बाई काय उरलं असेल देव जाणे. मी बसच्या दारापाशी जाऊन आत डोकावले.

म्हातारी सीटच्या अगदी कडेला बसली होती, पाठ न टेकता, मागचं चेंगरू नये म्हणून. ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "आजी, ते ओझं सोडून शेजारी ठेवा की, जागा आहे." आणि उठून गाठ सोडायला आला.

पिलसूननं त्याचा हात झटकला.

"हात लावू नका," ती म्हणाली. "खाली ठेवलं की विसरेल ती."